तिघांचं मीठ

कंपनीनं आम्हा कंत्राटी लोकांना ब्रेक देऊन घरी पाठवलं, तो सोमवार होता. दोन-तीन आठवड्यांत फोन करतो, असं सुपरवायझर म्हणाला. मी केडगावला घरी आलो आणि त्या दिवसापासून फोन हातातून खाली ठेवला नाही. शिरूरकडच्या एका कारखान्यात मी आठ वर्षं प्रेसवर उभा होतो. पत्रा आत, दाब, पार्ट बाहेर, की पुन्हा पत्रा आत. हातांना थांबायची सवयच राहिली नव्हती. घरात दिवस सरता सरेना. उगाच अंगणात जायचो, परत यायचो. फाटकाच्या कडीला एकाच आठवड्यात तीनदा तेल घातलं.

घरात आम्ही तिघंच. मी, बायको आणि पप्पा. आई दोन वर्षांपूर्वी गेली. बायको दौंडला एका दवाखान्यात नर्स आहे. सकाळच्या गाडीनं जायची, चारच्या सुमारास यायची आणि पर्स खुंटीला अडकवून थेट गॅससमोर उभी राहायची. मी खुर्चीत बसून फोन बघत असायचो. पहिला आठवडा ती काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात कणीक मळता मळता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुम्हाला निदान वरण-भात तरी टाकता येईल का?"

दुसऱ्या दिवशी मी कुकरला डाळ लावली. पाणी अंदाजानं घातलं. पहिली शिट्टी झाली आणि फोन वाजला. मी धावत अंगणात गेलो, कारण घरात रेंज नीट येत नाही. कुणीतरी बाई विमा विकत होती. तिला नको म्हणून सांगून आत आलो तोवर घरभर करपल्याचा वास सुटला होता आणि पप्पा काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

पप्पा जन्मभर मिशनच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकी होते. दीडशे मुलींचं जेवण त्यांच्या हातचं असायचं. घरी मात्र त्यांनी कधी चहासुद्धा केला नाही. लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटलं नाही आणि मोठेपणी विचारायचं राहून गेलं.

त्यांनी गॅस बंद केला. "फोन पलीकडच्या खोलीत ठिव," म्हणाले, "आन् कांदं घे चार."

तिथून शिकवणी सुरू झाली. पण पप्पांना शिकवता येत नव्हतं. पाच किलो डाळीला किती पाणी, हे ते झोपेतही सांगतील. वाटीभर डाळीचं विचारलं की बोटांवर हिशोब करायचे, मध्येच चुकायचे आणि चिडायचे. मिठाचं तर त्यांनी सरळच सांगून टाकलं, की तिघांचं मीठ मला कळत न्हाई. मला वाटलं, चेष्टा करतायत. पहिले चार दिवस आमटी एकतर अळणी व्हायची, नाहीतर खारट. बायको मुकाट्यानं जेवायची आणि लोणचं दोनदा वाढून घ्यायची.

मला सगळ्यात जड गेला तो कांदा. बारीक आचेवर तो तांबूस व्हायला इतका वेळ लागतो, हे मला माहीतच नव्हतं. मी या पायावरून त्या पायावर व्हायचो. कान पलीकडच्या खोलीकडं. पप्पांची पाठ फिरली की आच हळूच वाढवायचो. ते तिकडं तोंड करूनच म्हणायचे, "कमी कर." तेलाच्या आवाजावरून त्यांना कळायचं.

एके दिवशी मी असाच चुळबुळत होतो, तेव्हा ते स्टुलावर बसत म्हणाले, "तुझ्या आईनं एकदाच मागितलं व्हतं माझ्याकडं."

मी वळून बघितलं. त्यांनी मला कांदा हलवत राहायला सांगितलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. दिवसभर त्या मोठ्या पातेल्यांपाशी उभं राहून घरी आलं की त्यांना चुलीकडं बघवत नसे, आणि आईनंही कधी आग्रह केला नाही. शेवटच्या आजारपणात मात्र, मी कामावर असताना, ती म्हणाली की बोर्डिंगच्या पोरींना करता तशी खिचडी मला करून घाला. पप्पांनी केली. ती आठ-दहा माणसांना पुरली असती आणि मीठ तर त्याहून जास्त पडलं होतं. आईनं दोन घास खाल्ले, खिचडी चांगली झाली म्हणाली आणि ताटली बाजूला ठेवली.

"म्या नंतर चाखली," पप्पा म्हणाले. "तोंडात धरवत नव्हती."

मी कांदा हलवत राहिलो. किती वेळ गेला कळलं नाही. खाली बघितलं तेव्हा तो सगळीकडून सारखा तांबूस झाला होता, आणि इतका वेळ फोनची आठवणही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, खिचडी करू. पप्पा आधी नको म्हणाले, मग स्टूल पुढं ओढून बसले. त्यांनी चिमटीनं मीठ माझ्या तळहातावर ठेवलं, मी ते चमच्यात भरून बघितलं. पहिल्या दिवशी कमी झालं. दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी सपाट चमचा आणि वर एक चिमूट, असं जमलं. बायको दौंडहून आली, हातपाय धुऊन बसली आणि तिनं खिचडी दुसऱ्यांदा वाढून घेतली. कुणी केली, तिनं विचारलं. पप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि आपली ताटली पुसून खाल्ली.

सुपरवायझरचा फोन दोन-तीन आठवड्यांनी नाही, अडीच महिन्यांनी आला. आता मला दुसरी पाळी आहे. सकाळचा स्वयंपाक मी करतो, मगच बस धरतो. अजून भाकरी कडेला चिरते. घड्याळाकडं लक्ष गेलं की हात आपोआप गॅसच्या बटणाकडं जातो, आणि पुढचा ब्रेक कधी मिळेल हे डोक्यात चालूच असतं. परवाच्या रविवारी चर्चहून आल्यावर मटण केलं. पप्पा म्हणाले, चव बरी हाय, पर मसाल्याला घाई झाली.

खरंच झाली होती.