शेळगावचा दगड पणदऱ्यात

स्वारगेटहून सकाळची बारामतीची एसटी पकडली. पंचाहत्तरीला आलेली माझी आई तिच्या वडिलांची समाधी पहिल्यांदाच पाहायला निघाली होती. ती चार वर्षांची असताना ते वारले, असं तिला सांगितलेलं. आजी तिला घेऊन सोलापूरला माहेरी गेली आणि पुन्हा तिने त्यांचं नाव काढलं नाही. हौशी लोक दफनभूमीतल्या दगडांचे फोटो टाकतात अशा एका संकेतस्थळावर मला गेल्या महिन्यात ते नाव सापडलं. गुरुलिंग मल्लाप्पा, शेळगाव. सगळं जुळत होतं. फक्त फोटोत दगडाचा खालचा भाग गवतात बुडालेला होता.

शेळगावात मोबाइलच्या नकाशाने आम्हाला थेट उसात नेलं. पाटाच्या चारीतल्या चिखलात माझी चप्पल तुटली. शेवटी वैरण कापणाऱ्या एका आबांनी रुद्रभूमी (लिंगायतांची दफनभूमी) दाखवली. तिथे तो दगड नव्हताच. आबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला.

"हे दगडामागचं भिताड हितलं न्हाय. पणदऱ्याचं हाय. माझी लेक दिलीया तितं."

"पण आबा, इथे शेळगाव लिहिलंय."

"दगडावर लिव्हलंय व्हय. मूळ गाव आसंल त्यांचं."

वालचंदनगरला गरम भजी घेतली. आईने एकही खाल्लं नाही. "शेळगावचा माणूस पणदऱ्याला कशाला पुरतील?" ती विचारत राहिली. बारामतीत गाडी बदलून पणदऱ्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती.

भिंत तीच होती, दगडही तोच. मी गवत बाजूला केलं. खाली मृत्यूचं साल होतं. आईने ते दोनदा वाचलं.

"हे चुकलंय गं. त्या साली तू तिसरीत होतीस."

तेवढ्यात डेअरीत दूध घालून परतणारे एक वयस्कर गृहस्थ थांबले.

"कुणाच्या तुमी?"

"यांची मुलगी," आई म्हणाली.

त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. "मी बी त्यांचाच."

"पण मी चार वर्षांची असताना ते गेले ना?"

"तवा ते हितं आलं, आक्का. माझ्या आयसंगं लगीन केलं."

आई दगडाला धरून खाली बसली. मग हळूच विचारलं, "माझं नाव काढायचे कधी?"

"न्हाय." त्यांनी मान खाली घातली. "खोटं कशाला बोलू?"

त्यांनी आग्रहाने घरी नेलं. त्यांच्या पत्नीने दूध-भाकरी वाढली. आई जेवली. ती चिडली होती की सुखावली होती, मला कळेना. निघताना त्यांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा तिचा हात त्यांच्या डोक्याजवळ जाऊन थबकला, मग टेकला.

पुण्यात परतल्यावर मी त्या संकेतस्थळावरच्या नोंदीतलं गाव दुरुस्त केलं. आजोबा आम्हाला सापडले की आणखी दूर गेले, अजून सांगता येत नाही. शोधायला निघाले तेव्हा एक मेलेला माणूस हवा होता. मिळाला तो आईशिवाय कितीतरी वर्षं जगलेला.

नोंदीत मुलांच्या नावांसाठी जागा होती. "दोघांची लिहू?" मी विचारलं.

आई स्क्रीनजवळ सरकली.

"लिही. पण माझं आधी. थोरली मी आहे."