खाऊनपिऊन सुखी घरातली गरीब आत्या

लग्न होऊन पौडजवळच्या भरे गावी आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि सातवी पास. त्या सातवीचा सासरी काही उपयोग होईल असं कुणालाच वाटत नव्हतं, मलासुद्धा नाही. पण वर्षभरात पुण्याहून एक पाहणीवाला आला. गावात गरीब किती, हे घरोघर फिरून लिहायचं त्याचं काम. ओट्यावर कागद पसरून तो एकेकाचं वय विचारू लागला, आणि घरात वय कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा मुंबईला कामाला, म्हणून मामंजींनी मला उंबऱ्याशी बोलावून घेतलं.

मामंजींची एक विधवा आत्या आमच्याकडे होती. सगळं घर तिला आत्याच म्हणायचं. मुळशी धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं तेव्हा आपल्या डोक्यात पहिला पांढरा केस आला होता, एवढंच तिला आठवत होतं. त्यावरून मी अदमासाने सत्तर काढले. तिला ते कमी वाटले. आणखी पाच मागितले. पाहणीवाल्याने कुरकुर न करता दिले.

दोन बैल, म्हैस, भाताची खाचरं बघून त्याने घराला 'खाऊनपिऊन सुखी' असं लिहिलं. मामंजी खुलले, चहा ठेवायला सांगितला. चहा होईपर्यंत पाहणीवाला कपड्यांकडे वळला. मामंजींची तीन धोतरं, वर लग्नकार्याचा कोट. सासूबाईंची तीन लुगडी. दोन धाकट्या नणंदांत मात्र शाळेत जाण्याजोगा परकर एकच. त्या आळीपाळीने शाळेत जायच्या, आणि ह्या दोघी वेगळ्या आहेत हे मास्तरांना बरेच दिवस कळलंच नव्हतं.

"आणि आजी, तुमची लुगडी?"

"दीड," आत्या म्हणाली. एक अंगावरचं, आणि दुसऱ्याचा अर्धा भाग नणंदांच्या पोलक्यांत गेलेला.

मग दुधाचं निघालं. दूध पुण्याला जायचं. मागे उरेल ते मामंजींना, कारण नांगर त्यांच्या हातात. पोरींना भांड्याची खरवड, आत्याला कोरा चहा. पाहणीवाल्याची लेखणी थांबली. कागदावर एका घराला एकच जागा आहे, गरीब की नाही तेवढंच लिहायचं, असं तो मला हळूच म्हणाला. आत्याने ते ऐकलं.

"एका घरात समदी येकदम कशी गरीब व्हतील?" ती म्हणाली. "मी पोरगी हुते तवा गरीब हुते. हातात इळा आला, मिळवाया लागले, तवा न्हवते. आता इळा सुटला, परत गरीब हाय. ह्यो माजा भाचा मधल्या वयात हाय, म्हून सुखी दिसतोय."

काय लिहू, असं पाहणीवाल्याने मला विचारलं. समासात जागा आहे की, मी म्हटलं. त्याने लेखणीच माझ्या हातात दिली. मी एकेकाचं वय आणि त्यापुढे कपडे, दूध, सगळं बारीक अक्षरात लिहिलं. साहेब रागावेल म्हणत त्याने तो कागद पिशवीत घातला.

घरची अब्रू समासात मांडली म्हणून सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

तिसऱ्या दिवशी जेवताना मामंजींनी दुधाची वाटी आत्यापुढे सरकवली. दुधानं पोट फुगतं म्हणाले. ती नको म्हणेल, पोरींना देईल, असं आम्हाला वाटलं होतं. आत्याने वाटी एका दमात रिकामी केली, ओठ पुसले आणि उद्या जरा गूळ टाका म्हणाली. पोरींची वाटी सासूबाईंनी दुसऱ्या दिवसापासून आपण होऊन भरली.

पौडच्या बाजारातून मामंजींनी दोन परकर आणि आत्याला एक निळं लुगडं आणलं. परकर त्याच दिवशी अंगावर चढले. लुगडं मात्र आत्याने महिनाभर घडी करून उशाला ठेवलं. नेसायचं नाही तर आणलं कशाला, असं सासूबाई रोज विचारायच्या. मग एका सकाळी ती ते नेसली, कुणाकडे विरजण मागायला, कुणाकडे नुसतीच चौकशी करायला म्हणून गावातली एकूण एक घरं फिरली, आणि जेवायच्या वेळेला दमून, लाल चेहऱ्याने परत आली. विरजण काही तिने आणलं नव्हतं.