पांढरा ट्रक आणि एकही भोक नको

गोधडी बघितली आणि मी टेलगेट परत लावून टाकलं. टेलगेट म्हणजे पिकअपच्या मागचं खाली पडणारं फळकुट.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"गोधडी, वहिनी," मिलिंद म्हणाला. "पेंटला स्क्रॅच नको म्हणून."

कोराकरकरीत पांढरा पिकअप. मागच्या हौद्यात मिलिंदच्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी अंथरलेली. तिच्यावर डॉग बॉक्स, म्हणजे शिकारी कुत्र्याला प्रवासात बसवायची जाळीच्या दाराची अ‍ॅल्युमिनियमची पेटी. आणि त्या पेटीला कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीचे वेढे. या अवतारात ही गाडी दोन दिवसांनी आयोवा राज्यात फेझंट पक्ष्याच्या शिकारीला निघणार होती. मिलिंदला माझ्याकडून फक्त एवढंच हवं होतं, की मी दोरीच्या गाठी बघून ठीक आहे म्हणावं.

मी तेव्हा नेपरव्हिलच्या बाहेर हायवेलगतच्या एका दुकानात काम करत होते. २००५ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या धंद्याला अपफिटिंग म्हणतात. पिकअप, इथे त्यालाच ट्रक म्हणतात, कंपनीतून कोरा येतो, मागे नुसता उघडा हौदा. मग ज्याला प्लंबिंगचं सामान न्यायचंय त्याला आम्ही कप्पे बसवून देतो, ज्याला शिकारीला जायचंय त्याला बंदुकांचे ड्रॉवर, कुत्र्याची पेटी, मागचे दिवे बसवून देतो. मी नागपूरची मेकॅनिकल इंजिनिअर. कोणती वस्तू कुठे बसवायची, कशावर बसवायची, गाडीला झेपेल की नाही, हे ठरवणं माझं काम. मंडळाच्या गणपतीत भेटणारा प्रत्येक मराठी पुरुष मात्र मला विचारायचा, तुम्ही तिथे अकाउंट्स बघता का? पहिल्या भेटीत मिलिंदनेही विचारलं होतं. वर ट्रकबद्दल माझ्या नवऱ्याचं मत घ्यायचं म्हणून त्याचा नंबर मागितला होता. माझा नवरा डेंटिस्ट आहे.

आता या माणसाला शिकारीशी काय देणंघेणं? काही नाही. हा अंडंही पाव किलो कांद्यात लपवून खाणारा. पण त्याचा मॅनेजर डेव्ह दरवर्षी ऑक्टोबरअखेर आयोवाला जायचा. फेझंट हा रानकोंबड्यासारखा पक्षी, कापलेल्या मक्याच्या शेतात दडून बसतो. त्याला उठवायला आणि पडला की तोंडात धरून आणायला कुत्रा लागतो. डेव्हची डेझी नावाची लॅब्रेडॉर होती. माणसांना नोकरीवरून काढायचं तर डेव्ह ईमेल करायचा, पण डेझीच्या वाढदिवसाला सुट्टी घ्यायचा. त्या वर्षी त्याचा जुना ट्रक बंद पडला आणि त्याने मीटिंगमध्ये सहज विचारलं, कुणाकडे ट्रक आहे का? मिलिंदने हात वर केला.

त्याच्याकडे ट्रक नव्हता. बेज रंगाची सेडान होती.

यात हसण्यासारखं बरंच आहे, पण हात वर करण्यामागचं कारण खरं होतं. मिलिंदच्या टीमचं काम भारतात हलणार होतं. इथे एकच जण राहणार होता आणि तो कोण, हे डेव्ह ठरवणार होता. मिलिंदच्या व्हिसाची मुदत संपत आलेली. डेव्हने ठेवलं तर ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकणार, नाही तर बिऱ्हाड बांधायचं. मुलगी तिसरीत, मराठी समजते पण उत्तर इंग्लिशमध्ये. तिची आई वृषाली हे सगळं मला पार्किंग लॉटमध्ये उभ्याउभ्या सांगून गेली होती. तिच्यासाठी मला वाईट वाटलं. मिलिंदसाठी वाटायला हवं होतं, पण तो वाटू देईल तर ना.

ट्रक निवडताना त्याने एक्सेल शीट केली होती. तिच्यात इंजिन, मायलेज, सीट गरम होतात का, सनरूफ, सगळं होतं आणि शेवटच्या कॉलममध्ये ठळक अक्षरांत रिसेल, म्हणजे पुढे गाडी विकताना किती येतील ते. मी विचारलं, "गाडीत काय काय भरणार?" हा कॉलम नव्हताच. मग मी त्याला बोटांवर मोजायला लावलं. चार माणसं, त्यांच्या बंदुका, बर्फाचा कूलर, पेटी, डेझी. मी त्याला गाडीचं दार उघडून खांबावरचं स्टिकर दाखवलं. माणसं, सामान, कुत्रं सगळं धरून गाडी किती वजन वाहू शकते, ते तिथे लिहिलेलं असतं. त्याला पेलोड म्हणतात. गाडी घेताना आधी ते वाचायचं, मग सनरूफ. आणि हौदा लांब घ्या म्हटलं, म्हणजे पेटी पुढच्या भिंतीला टेकवून मागे कूलर मावेल.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग ऑफिसातल्या कुणाकुणाला विचारून आखूड हौद्याचा, सनरूफवाला, पांढरा ट्रक आणला. आखूड का, तर गराजमध्ये मावतो. पांढरा का, तर पांढऱ्याला रिसेल असते. आत बसायला गेले तर सीटवर प्लास्टिक तसंच. शिकारीहून चिखलाचे बूट घालून आलेल्या तीन धटिंगणांना हा माणूस प्लास्टिकवर बसवून आणणार होता.

बरं, गाडी घेतली तर घेतली. आता पेटी तरी नीट बसवा. पेटी बसवायची म्हणजे हौद्याच्या तळाला आरपार भोकं पाडायची, बोल्ट घालायचे, खालून पोलादी पट्ट्या लावायच्या म्हणजे पत्रा फाटत नाही. भोकाच्या कडेला रंग लावायचा म्हणजे गंजत नाही. खाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात, ते बघून जागा धरायची. काम काही रॉकेटचं नाही, पण करावं लागतं.

"भोक?" मिलिंद म्हणाला. "नव्या गाडीला? वहिनी, रिसेल झीरो होईल हो."

त्यानंतर पंधरा दिवस आमचं एकच तुणतुणं. मी भोकं म्हणते, तो रिसेल म्हणतो. हौद्याला रबरासारखा खरखरीत थर मारून देते म्हटलं, तर त्यासाठी आधी पेंट घासावा लागतो म्हणून तेही नको. आणि शेवटी या महाभागाने स्वतःची अक्कल चालवून गोधडी आणली.

मी त्याला सांगितलं, गुळगुळीत पेंटवर कापड आणि कापडावर पेटी ठेवली, की ती घसरणारच. आपणच घसरगुंडी तयार केली आहे. तो म्हणाला, दोरी आहे ना. दोरीने साड्या वाळतात, मी म्हटलं, कुत्री थांबत नाही.

तेवढ्यात आमचा मालक रॉन बाहेर आला. रॉनला गिऱ्हाइकाशी वाद घातलेला चालत नसे. त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की ट्रक त्याचा आहे, तुझा नाही. चांगले पट्टे विक, बांधून दे आणि जाऊ दे.

"पट्टेही कापडावर ढिले पडतात," मी म्हटलं. "पेटी सुटली तर लोक म्हणतील की मी बसवली होती."

"त्याला बोल्ट नको आहेत."

"मग ती गाडी माझ्या हातून जाणार नाही. दुसऱ्या कुणाला सांग."

दुसरं कुणी नव्हतं, हे रॉनलाही माहीत होतं. तरी त्याचा चेहरा काही बरा दिसत नव्हता. माझी त्या दुकानातली नोकरी त्या क्षणी बरीचशी हवेत होती, आणि तीही कुणासाठी, तर ज्याने माझ्या डेंटिस्ट नवऱ्याला बोल्टबद्दल विचारायचं ठरवलं होतं त्याच्यासाठी. मला भयंकर राग आला. रागाच्या भरात मी रॉनला म्हटलं, एक फेरी मारू दे. पेटी जागची हलली नाही तर मी गप्प बसते.

पेटीत डेझीइतकं वजन हवं होतं. मिलिंदबरोबर आलेली वृषाली ट्रकच्या मागच्या सीटवर बसून होती, ती तिथूनच म्हणाली, "तांदूळ चालेल का?" दिवाळीसाठी इंडियन स्टोअरमधून आणलेल्या बासमतीच्या पिशव्या तिच्या पायाशी होत्या. आम्ही त्या पेटीत रचल्या. जाळीचं दार लावलं.

दुकानामागे लांबलचक रिकामा लॉट होता. मी चालवायला बसले, मिलिंद बाजूला, वृषाली मागे. बेल्ट लावा म्हटलं. गाडी ताशी तीस मैलांवर नेली, म्हणजे शाळेपाशी चालवतात त्याहून थोडीच जास्त, आणि हायवेवर अचानक हरीण आडवं आल्यासारखा ब्रेक दाबला.

मागून धाडकन आवाज झाला. वृषालीच्या तोंडून "अगं आई गं" निघालं. गाडी थांबल्यावर आम्ही उतरून मागे गेलो. दोरी तुटून लोंबत होती. पेटी हौदाभर घसरून पुढच्या भिंतीवर आदळली होती. जाळीचं दार वाकून उघडलं होतं, पिशव्या फुटल्या होत्या आणि सगळ्या हौद्यात बासमती. गोधडी पेटीखाली अडकून मधोमध फाटली होती. पेटीचा कोपरा जिथून गेला तिथे पेंटवर लांब ओरखडा होता.

वृषालीने हौद्यातले चार दाणे उचलले.

"हा तांदूळ म्हणजे डेझी ना?" तिने विचारलं.

मिलिंद हौद्यावर वाकला होता. ओरखड्यावरून बोट फिरवत होता.

"स्क्रॅच बघ केवढा पडला," तो म्हणाला.

मी आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली. पण स्वतःची नोकरी, बायकोची झोप आणि दुसऱ्याची कुत्री अशी तिन्ही डोळ्यांदेखत सांडलेली असताना पेंट बघणारा हा एकच. वृषालीने दाणे परत टाकले आणि गोधडी ओढून काढायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते आईच्या गोधडीसाठी की नवऱ्यासाठी, हे मी विचारलं नाही.

मिलिंदने ओरखडा थुंकी लावून घासून बघितला. मग सुस्कारा टाकून म्हणाला, "गेली रिसेल. आता काय, पाडा भोकं."

मी कारण विचारत बसले नाही. त्याचं मन बदलायच्या आत गाडी लिफ्टवर घेतली, टाकी आणि पाइप बघून जागा आखल्या आणि भोकं पाडली. बोल्ट, पट्ट्या, कडेला रंग, सगळं झालं. रॉन मधून मधून येऊन बघून गेला. शेवटी पेटीला धरून हिसका देऊन बघितला आणि माझ्याजवळ कॉफी ठेवून गेला. रॉनकडून माफी म्हणून एवढंच मिळतं.

आयोवाची ट्रिप झाली. परत येताना खरोखरच एक हरीण हायवेवर आलं आणि डेव्ह स्वतः चालवत होता. त्याने करकचून ब्रेक मारला. पेटी तसूभर हलली नाही. आतल्या पेंढ्यात डेझी झोपलेली होती, ती उठलीही नाही. डेव्हने म्हणे खाली उतरून पेटी तपासली, डेझीच्या डोक्यावर हात फिरवला आणि मिलिंदला म्हणाला की तुला कामाची समज आहे. मिलिंदने हे मला फोन करून सांगितलं. त्यात मी कुठे होते, तर कुठेच नव्हते. पण टीममधून तो राहिला. पुढे कार्डही आलं. वृषाली पेढे घेऊन आली तेव्हा मात्र माझ्याशी बराच वेळ बोलली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण २००८ च्या उन्हाळ्यात पेट्रोल चढत गेलं आणि पिकअपला कुणी विचारेना. मिलिंदला ट्रक काढून टाकायचा होता. सगळे डीलर त्याला फुकटात मागत होते. तो माझ्याकडे आला. पेटी काढा, भोकं बुजवा, कधी नव्हतीच असं करून द्या.

"राहू द्या," मी म्हटलं. "आमच्याकडे शिकारी येतात. चार दिवस लॉटमध्ये उभी करा."

आयोवाचा एक शेतकरी आला. त्याने सनरूफ बघितलं नाही. सीटवर अजूनही प्लास्टिक होतं, ते बघून नुसता हसला. मग सरळ पाठीवर झोपून गाडीखाली सरकला, बोल्ट आणि पट्ट्या बघितल्या आणि आतूनच विचारलं, "हे कुणी केलं?"

मी म्हटलं, मी केलं. त्याने बाहेर येऊन हात पुसले आणि गाडी घेऊन टाकली. डीलरांनी सांगितलेल्या किमतीपेक्षा बऱ्याच जास्तीला, आणि पेटीसकट.

मिलिंद चावी देऊन माझ्याकडे आला. भलता खूश होता.

"बघा वहिनी," तो म्हणाला, "मी म्हटलं होतं ना? पांढऱ्याला रिसेल असते."

तेव्हापासून रिसेलचं नाव काढणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी वाद घालत नाही. त्याला आधी मागच्या लॉटमध्ये एक फेरी मारून आणते. तांदूळ मात्र त्याने घरून आणायचा.