आपांची बुरशी

आपांना इंग्रजी उत्तम येत असे, पण गुंतवणूकदार समोर बसले की त्या हटकून पौडची बोली काढत. "समजत नसंल तर इचारा," असं म्हणून मोकळ्या होत. सुटाबुटातली माणसं कसनुसं हसायची आणि मी, लातूरहून आलेला आपांच्या कंपनीतला माल तपासनीस, मान खाली घालून मजा बघायचो.

आपा पौडच्या दुकानदाराची लेक. सरकारी प्रयोगशाळेत त्यांनी भाताची मूळकूज रोखणारी एक बुरशी शोधली. साहेबांनी पाठ थोपटली आणि बुरशी फायलीत घातली. आपांनी राजीनामा दिला, भुकूमला पत्र्याची शेड घेतली आणि तीच बुरशी पाकिटातून विकायला लागल्या. पहिल्याच वर्षी ताम्हिणीचा एक शेतकरी तणतणत आला. "बाई, माल हिरवा पडलाय. बुरशी लागलीया."

"व्हय, बुरशीच हाय. तीच इकते मी!"

गडी जाताना आणखी दोन पाकिटं घेऊन गेला.

प्रत्येक बॅचमधलं एक पाकीट फोडून काचेच्या ताटलीत बुरशी उगवते का, ते आम्ही बघायचो. त्याला पाच दिवस लागत. तोवर एक खोकं हलायचं नाही. विक्रीवाल्यांनी कितीही आदळआपट केली तरी आपा म्हणत, "ती काय तुमच्या घाईनं उगवत न्हाई."

कंपनी वाढली, संचालक मंडळ आलं. आणि ऐन पेरणीच्या तोंडावर एका बॅचच्या सगळ्या ताटल्या कोऱ्या निघाल्या. एक संचालक म्हणाले, "जाऊ द्या माल. शेतकऱ्याला काय कळतंय?"

"त्याला कळत न्हाई, म्हणूनच मला कळाया पायजे," आपा म्हणाल्या आणि त्यांच्या देखत सगळी बॅच खड्ड्यात ओतली.

दोन महिन्यांत मंडळानं त्यांना खुर्चीवरून काढलं. निरोप समारंभ त्यांनी होऊच दिला नाही. "हार कशाला? मी मेले न्हाई अजून."

पुढच्या हंगामात पुन्हा ताटल्या कोऱ्या. नव्या साहेबांनी 'पास'चा कागद माझ्यापुढे सरकवला. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. भूगावला नुकतं बिऱ्हाड मांडलं होतं, मुलगी शाळेत जायला लागली होती. जिन्यात जाऊन आपांना फोन लावला आणि सगळं सांगून विचारलं, "काय करू?"

"ताटल्या कुणी बघितल्या?"

"मी."

"उगवलंय काय?"

"नाही."

"मंग मला कशाला इचारतोस? मी काय तुजी साहेब हाय आता? ठेव फोन."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्याच रागात खाली उतरलो, कागदावर 'नापास' लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं.