फ्रीजवरचं विरजण

मलेरियाच्या जंतूबद्दल इतक्या आदराने बोलणारी आणि तरीही असं हात धुऊन त्याच्या मागे लागलेली, माझ्या गाईड बाईंसारखी दुसरी व्यक्ती उभ्या नाशिक जिल्ह्यात सापडायची नाही. त्या त्याला ‘महाशय’ म्हणत. "महाशय तांबड्या पेशीपाशी येतात," पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "दाराला कडी नाही असं दिसलं की स्वतःच्या खिशातली कडी काढून दाराला ठोकतात, आणि तीच धरून आत शिरतात. असा चोर आपल्या पोलिसांनाही ठाऊक नसेल." ती कडी म्हणजे एक प्रथिन आणि ती धरणारा हात म्हणजे दुसरं. आमच्या प्रयोगशाळेने प्रथिनाचाच एक बारीकसा तुकडा बनवला होता. तो त्या हाताच्या तळव्यात बसला तर हाताला कडी धरता येणार नाही, असा आमचा अंदाज. तो खरोखर तिथे बसतो का, हे पाहणं हा माझ्या पीएचडीचा विषय.

मी नामपूरची. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच. मुलाखतीला इंग्रजी उत्तरं पाठ करून गेले होते. बाईंनी गुणपत्रिका उलटी करून ठेवली आणि विचारलं, "दुधाला विरजण किती घालतेस?" मी म्हटलं, "दूध किती आणि हवा कशी, त्यावर." बाई म्हणाल्या, "उद्यापासून ये." प्रश्न चेष्टेचा नव्हता, हे पुढे कळलं. ते हाताचं प्रथिन इतकं लहान की सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही. त्याच्या असंख्य रेणूंना ओळीने उभं करून स्फटिक बनवायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे, तेव्हा कुठे आकार उलगडतो. पण ते ओळीत उभं राहायला सहसा तयार नसतं. अशा वेळी जुन्या, बिघडलेल्या स्फटिकाचा चुरा नव्या थेंबात सोडतात. जग त्याला काहीही म्हणो, बाई त्याला विरजणच म्हणत, आणि आमच्या वह्यांतही तेच लिहिलेलं असे. माझ्या आईला माझं संशोधन कळलं ते या एका शब्दामुळे. दर रविवारी फोनवर ती विचारायची, "तुनं विरजण लागनं का?"

हा चुरा थेंबात सोडायला बाईंना मांजरीची मिशीच लागे. गळून पडलेल्या मिश्या त्या काडेपेटीत जमवत. कॉलनीतल्या मांजरीमागे त्यांना वाकून वाकून फिरताना पाहून एका शेजारणीने ‘करणीबिरणी तर नाही ना’ अशी माझ्याकडे हळूच चौकशी केली होती. शांततेचं वेड तर विचारूच नका. हादरा बसला तर स्फटिक बिघडतो, म्हणून थेंबांचे ट्रे ठेवलेल्या खोलीत चपला बंद, शिंक बंद, मोठ्या आवाजाचे प्राध्यापक बंद. गणपतीच्या आधी समोरच्या मैदानात ढोलपथकाची तालीम सुरू झाली, तेव्हा बाई थेट पथकप्रमुखाला हाताला धरून घेऊन आल्या आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "यात तर काहीच नाही, मॅडम." बाई म्हणाल्या, "तेच तर. आता कळलं का, लांब जाऊन का वाजवायचं?" तो काय समजला कोण जाणे, पण पथक दुसऱ्या मैदानावर गेलं.

इतकं करूनही पाच वर्षं धड स्फटिक धरेना. मुदतवाढ मिळून संपत आली. इंदूरच्या मोठ्या क्ष-किरण यंत्रावर आमची पाळी फेब्रुवारीत होती. जानेवारीत आमचा तुकडा मिसळलेल्या प्रथिनाचा शेवटचा साठा उरला, एका ट्रेपुरता. तो गेला असता तर पाळी गेली असती, आणि तिच्यामागून पीएचडीही. बाईंनी मिशी माझ्या हातात दिली. मी विरजण लावलं, ट्रे थंड कपाटात ठेवला, वर चिठ्ठी चिकटवली, ‘विरजण. हात लावू नये.’ आणि संक्रांतीला गावी गेले.

परत आले तर कपाट रिकामं. ट्रे सापडला तो फ्रीजच्या डोक्यावर, लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेला. खाली फ्रीज घरघरत, थरथरत होता. मला रडूच फुटलं. मफलर प्रयोगशाळेच्या शिपाईमामांचा. ते शांतपणे म्हणाले, "थंडीत विरजण लागतंय का कधी, मॅडम? दोन दिवस पाहिलं, लय गारठा हाय त्या कपाटात. म्हणून वर उबेला ठेवलं."

"हात लावू नये असं लिहिलं होतं ना, मामा," मी म्हटलं.

"लावलाच नाय. मफलरनं उचललं."

बाईंनी मफलर सोडवला. ट्रे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून एकेक थेंब पाहत राहिल्या. सातव्या थेंबाशी थांबल्या त्या थांबल्याच. मग डोळा न काढता हाताने मला बोलावलं. थेंबात स्फटिक होते, सुरीने कापल्यासारख्या कडांचे, लख्ख.

"लागलं का?" मामांनी विचारलं.

"लागलं, मामा," बाई म्हणाल्या, आणि चपला घालून त्याच खोलीत मोठमोठ्याने हसत फिरल्या. "आपली शांतता त्याला मानवत नव्हती गं. नाशिकचंच ते. ढोलाशिवाय अंगात येत नाही त्याच्या." त्या संध्याकाळी प्रयोगशाळेतले सगळे ट्रे फ्रीजवर चढले.

इंदूरला पडद्यावर क्ष-किरणांचे ठिपके उमटले, ओळीने, कडेपर्यंत. महिन्याभरात आकार उलगडला. आमचा तुकडा त्या तळव्यात असा घट्ट बसला होता की कडी धरायला जागाच नव्हती. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी थंड कपाट सोडून तापमान वाढवण्यामागचा विचार विचारला. मी मामांचं नाव सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

त्या दिवशी वडील नामपूरहून पेढे घेऊन आले होते. पडद्यावरचं प्रथिनाचं रंगीत चित्र त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, "मंग आता हिवताप जाईल का हो, बाई?"

मला वाटलं, बाई आजच्या दिवशी तरी हो म्हणतील. त्या म्हणाल्या, "इतक्यात नाही, भाऊ. यातून औषध व्हायला फार दिवस लागतात, आणि कधीकधी होतही नाही. मी काही पाहायला असणार नाही. ही पाहील कदाचित."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या पांढऱ्या केसांकडे. आणि माझ्यासाठी आणलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी दोन्ही हातांनी बाईंच्या हातात दिला.