रघुभाऊंचे ढेकूण

लालबागच्या तावडे चाळीत रघुनाथ पेडणेकर हे नाव फक्त लाइटबिलावर आहे. खांद्याला पंप, तोंडाला रुमाल आणि मागे घासलेटाला लाजवणारा उग्र दर्प असा माणूस जिन्यात दिसला की लोक विचारतात, "रघुभाऊ, आज कोणाकडे?" जसं काही ते केळवणाला निघालेत.

रघुभाऊ ढेकूण मारतात. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा रघुभाऊंना मिसरूड फुटत होतं. "गिरणी गेली, ढेकूण राहिले," ते सांगतात, "मग मी जे राहिले त्यांच्यात काम शोधलं." त्यांचं खरंच आहे. समोर टॉवर आले, अर्धी चाळ बदलापूरला गेली, पण पागडीच्या खोलीवरचा हक्क ढेकणांनी कधी सोडला नाही.

या धंद्यात रघुभाऊंचा एकच अभिमान. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी औषधात घालायचं, वर एक थेंब नाही. फवारणारे बहुतेक जण घालतात. रघुभाऊ घालत नाहीत, आणि हे सगळी चाळ जाणते.

जाणत होती, असं म्हणायला हवं. कारण यंदा पाडव्याच्या आदल्या रात्री सरोजिनीबाईंचा जावई शीवहून मुक्कामाला आला. खोलीत आठवड्यापूर्वीच फवारणी झालेली. सकाळी जावयाच्या पाठीवर रांगेने गांधी उठल्या होत्या, श्रीखंडाच्या जेवणाला न थांबता तो चालता झाला.

सरोजिनीबाई गॅलरीत उभ्या राहिल्या. "मेल्या रघ्या! माझो जावय रातभर खाजयत बसलो. औषधात पाणी घालतस काय रे?"

तीस वर्षांत रघुभाऊंना हे कुणी म्हटलं नव्हतं. चाळ समितीचे सेक्रेटरी नाना खरे, निवृत्त हेडक्लार्क, चष्मा पुसत पुढे झाले. "रघु, मी असं म्हणत नाही. पण लोक म्हणतात."

"करा तपासणी," रघुभाऊ म्हणाले. "सगळ्यांसमोर करा."

लोणच्याची रिकामी बरणी आली. सरोजिनीबाईंच्या पलंगाच्या सांध्यांतून खरवडून ढेकूण तिच्यात पडले. रघुभाऊंनी टाकीत औषध कालवलं, पाणी नानांच्या नजरेसमोर मोजलं, आणि फवारा मारला. मग सगळे बरणीला डोळे लावून बसले. दोन-चार ढेकूण उताणे झाले. बाकीचे चालू लागले. एक तर शिवाजी पार्कच्या कट्ट्याला फेऱ्या मारणाऱ्या पेन्शनरासारखा कडेकडेने फिरत राहिला.

कुणीतरी फिस्सकन हसलं. नाना म्हणाले, "पाणी बरोबर होतं, कबूल. म्हणजे डब्यातच पाणी असेल. रविवारी सभा घेऊ आणि दुसरी पार्टी बघू."

रघुभाऊ घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. त्यांची मुलगी अनुजा परळच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती दहावीचे पेपर तपासत होती. आनुवंशिकता आणि उत्क्रांतीच्या धड्यावरचे.

"सवय झाली गं ढेकणांना औषधाची," रघुभाऊ म्हणाले. "तुझ्या आईला माझ्या वासाची झाली, तशी."

अनुजाने पेन ठेवलं. "बाबा, हेच अर्ध्या वर्गाने लिहिलंय, आणि मी गुण कापलेत. तुमच्या खांद्यावर पंपाच्या पट्ट्याचा घट्टा आहे ना? मग माझ्या खांद्यावर का नाही?"

रघुभाऊंनी नकळत खांदा चाचपला.

"जन्मभरात कमावलेला घट्टा पोरांना मिळत नाही. मिळतं ते आई-बापांकडून जनुकांमधून आलेलं. ढेकणांचंही तेच." मग ती म्हणाली, "असे ढेकूण कुठे मिळतील, ज्यांच्या वाटेला कुणी औषध घेऊन कधी गेलंच नाही?"

रघुभाऊंनी विचार केला. शिवडीला मावसभाऊ गौतम एका जुन्या गोदामावर पहारेकरी होता. तिथल्या बाकड्यावर बसायची रघुभाऊंची स्वतःची हिंमत नव्हती. "आहेत," ते म्हणाले. "अजून सत्ययुगात आहेत."

रविवारी सभेत दोन बरण्या होत्या. एकीत तावडे चाळ, दुसरीत शिवडी. पंप तोच, टाकीतलं औषध तेच. नानांनी हिशेबावर बोलायला सुरुवात केली आणि ते संपेपर्यंत शिवडीकर झाडून सगळे पाय वर करून पडले. लालबागकर फेऱ्या मारत होते.

"औषध खरां हा," सरोजिनीबाई पुटपुटल्या. "मगे आमचे कित्याक मरनत नाय?"

अनुजा उभी राहिली. "काकू, पहिल्यापासून सगळे ढेकूण सारखे नव्हतेच. एखाद्याची कातडी जन्मतःच जाड, एखाद्याचं शरीर विष लवकर मोडून टाकणारं. औषध आलं तेव्हा बाकीचे मेले, हे थोडे राहिले. यांनाच पोरं झाली. पुन्हा औषध, पुन्हा तसेच राहिले. वर्षाला त्यांच्या कितीतरी पिढ्या होतात."

"म्हणजे आताची ही पोरां कोणावर गेली?" सरोजिनीबाईंनी बारशाला विचारतात तसं विचारलं.

"आई-बापांवर. जे बाबांच्या फवाऱ्यातून वाचले त्यांच्यावर."

नाना हळूच म्हणाले, "म्हणजे रघु, तू यांना मारत नव्हतास. निवडत होतास."

"किडके तेवढे काढून चांगले ठेवत होतस, मेल्या!" सरोजिनीबाई ओरडल्या, आणि सगळी चाळ खो खो हसली.

रघुभाऊही हसले, पण जरा उशिरा. त्यांनी बरणी डोळ्यांसमोर धरली. आपल्या प्रामाणिकपणाची ही नातवंडं-पतवंडं. पाणी न घातलेल्या औषधावर पोसलेली, धट्टीकट्टी. त्यांना क्षणभर त्यांचं कौतुकही वाटलं, आणि मग त्यांनी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

नाना मोठेपणाने म्हणाले, "ठराव मांडतो. औषधात खोट नव्हती. काम रघुकडेच राहील."

इथे रघुभाऊ गप्प बसले असते तर भागलं असतं. अब्रू परत मिळाली होती. पण टाकीतलं औषध या चाळीत आता काय करणार, हे रघुभाऊंना समजून चुकलं होतं. समजूनही फवारणं म्हणजे डबाभर पाणी घालण्यापेक्षा वाईट.

"नाना, हा पंप मी इथे मारणार नाही."

"मग दुसरं औषध?"

"त्याच्यातूनही कोणीतरी वाचेल. मी पाणी वापरणार. नुसतं पाणी."

पुन्हा हशा.

"उकळतं," रघुभाऊ म्हणाले. "त्याला कसलीच कातडी पुरत नाही. पण सगळ्या खोल्यांत एकाच दिवशी. एक घर सुटलं तर शेजारी परत गोकुळ."

"माझी आवस ह्याच करी," सरोजिनीबाई आईच्या आठवणीने म्हणाल्या, आणि पहिलं पातेलं त्यांनीच कबूल केलं.

पुढच्या रविवारी गॅलरीभर लोखंडी पलंग उभे होते. गाद्या कठड्यावर उन्हात. बाराच्या बारा घरांचे गॅस पेटलेले, मधून रघुभाऊ दोन्ही हातांत किटल्या घेऊन फिरत होते. सांधा, फट, खिळ्याचं भोक. कुठेही घाई नाही.

नानांनी चष्मा वर केला. "या वेळी गॅरंटी किती महिन्यांची?"

तीस वर्षं रघुभाऊ सहा महिने म्हणत आले होते. आजही जिभेवर तेच आलं. त्यांनी किटली खाली ठेवली.

"गॅरंटी नाही, नाना. अंडी फटीत आत असतील, ती फुटतील. दोन आठवड्यांनी मी परत येईन, त्यानंतर परत."

"आणि पैसे?"

"ते तुम्ही सभेत ठरवा," रघुभाऊ म्हणाले आणि वाकून नानांच्याच पलंगाचा पाय उचलला. "जरा धरा इकडून. आत बघा, अख्खं खानदान बसलंय."