आबांचा डावा तळहात

शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावातला आखाडा चार पिढ्या आमच्याच घराकडे होता. तिथे लाठी आणि दांडपट्टा शिकवत. वडील, म्हणजे आबा, वस्ताद होते. मी जळगावला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात कायमचा गेला. घरून पत्र आलं, दसऱ्याला ये, आखाडा आता तुला घ्यायचा आहे.

नाही म्हणायचं ठरवूनच मी गाडीत बसलो. अमळनेरपर्यंत वाक्यही पाठ केलं. पण घरी आबांनी माझ्या पाठीवरून डावा हात फिरवला, आणि ते वाक्य बोलताच आलं नाही.

शस्त्रपूजा झाली की नव्या वस्तादाने एखाद्या शिष्याच्या तळहातावरचं लिंबू पट्ट्याने कापायचं, अशी रीत. हात पुढे कर, असं कुणाला सांगायचं नाही. ज्याचा विश्वास असेल त्याने आपणहून यायचं. दोन वर्षांत मी पट्ट्याला हात लावला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी मैदानात उभा राहिलो. कुणीच पुढे आलं नाही.

"कालेजमा पट्टा शिकाडतस का, भो?" चुलते म्हणाले. पोरं हसली. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही गेलो नसतो.

मग आबा काठी टेकत आले. काठी चुलत्यांकडे देऊन त्यांनी लिंबू डाव्या तळहातावर घेतलं.

"आबा, नको," मी हळूच म्हणालो.

"मार. हात मना शे." हात त्यांचा होता. मी पट्टा उचलला.

लिंबाचे दोन तुकडे झाले, पण पातं तिथे थांबलं नाही. आबांनी लगेच मूठ मिटली. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"आते हाऊ वस्ताद शे," ते सगळ्यांना म्हणाले.

चुलत्यांनीच मला फेटा बांधला. आबांच्या मुठीतून गळत होता तो नुसता लिंबाचा रस नव्हता. मी चुकलो हे मला सांगायचं होतं, पण ते मूठ उघडायला तयार नव्हते.

संध्याकाळी शिष्य सोनं द्यायला आले. आबांचा हात उपरण्याखाली होता. एकेक जण वाकून आपट्याचं पान माझ्या हातात ठेवत गेला.

जेवताना आईने आबांपुढे ताट ठेवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुरणपोळीचा घास करून त्यांना भरवला. घास गिळून त्यांनी विचारलं, कॉलेज कधी उघडतं. मी म्हटलं, अजून नक्की नाही.